टर्फवर पोरीची मॅच कशी बघायची

शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून फुटबॉल शिकलेल्या कोल्हापूरकराला पत्र्याच्या शेडखालची पाच-पाच जणांची मॅच लगेच उमगत नाही. आपली नजर मोठ्या मैदानाला सरावलेली असते. पाटाकडील, शिवाजी, प्रॅक्टिस, दिलबहार, खंडोबा... हे आपले संघ, बहुतेकांची नावं तालमींची. तालमी मुळात कुस्तीच्या, पण पेठेचा संघ त्यांच्याच नावानं मैदानात उतरतो आणि अख्खी पेठ मागं उभी राहते. २०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्डकप झाला, त्यात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. तेव्हापासून तर पोरांच्या डोक्यात फुटबॉलशिवाय दुसरं काही नाही. आणि आता पोरीही मागं नाहीत.

फक्त जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडं पाऊस मैदान हाती लागू देत नाही. त्या दिवसांत खेळ शेडखालच्या टर्फवर, म्हणजे नकली गवताच्या छोट्या मैदानावर जातो. माझी मुलगी पंधरा वर्षांची, दहावीत आहे. उद्यमनगरातलं लेथचं काम आवरलं की मी तिच्या मॅचला जातो. तिथं जाळीबाहेर बरेच आई-वडील मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेले दिसतात. त्यांना पोरांची काळजी नाही असं अजिबात नाही. काय बघायचं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. हे त्यांच्यासाठी लिहितोय.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. आपल्या पोराकडं बॉल नसतो तेव्हा ते काय करतं ते बघा. या खेळात खरं काम तिथं चालतं.

कोणते नियम, ते आत शिरतानाच विचारा

टर्फवर दोन तऱ्हेचा खेळ चालतो. एक जाळीचा. बॉल बाजूच्या जाळीला लागून परत आला तरी खेळ चालूच राहतो. दुसरा रेषेचा, म्हणजे फुटसाल. त्यात बॉल रेषेबाहेर गेला की गेला. दोन्हींत खेळायची पद्धत वेगळी, आणि बघायचीही. जाळीच्या खेळात हुशार पोरं मुद्दाम जाळीवर बॉल मारून समोरच्याला चकवतात. ते माहीत नसलं तर आपल्याला वाटतं, हिचा पास चुकला. टर्फ तासावर भाड्यानं असतो, त्यामुळं आपल्या स्पर्धांत मॅच लहान असते आणि घड्याळ थांबत नाही. खऱ्या फुटसालमध्ये वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ असतात आणि बॉल बाहेर गेला की घड्याळ थांबतं.

फुटसालचे नियम समजले की जाळीचा खेळही समजतो, म्हणून तेवढे सांगतो. हा खेळ १९३० च्या दशकात उरुग्वेमध्ये मॉन्टेव्हिडिओ शहरात सुरू झाला. ह्वान कार्लोस सेरियानी या शिक्षकानं बास्केटबॉल, हँडबॉल आणि वॉटरपोलोचे नियम घेऊन तो बसवला. म्हणून गोलकीपर धरून खेळाडू पाच, बास्केटबॉलइतके. गोल तीन मीटर रुंद, दोन मीटर उंच, हँडबॉलचा असतो तेवढाच. ऑफसाइड नाही. बाजूनं बॉल बाहेर गेला तर हातानं फेकायचा नाही, रेषेवर ठेवून पायानं आत द्यायचा, तोही चार सेकंदांत. रेफ्री बोटं वर करून मोजत असतो, त्याच्या हाताकडं लक्ष ठेवा. त्या किकवरून थेट गोल होत नाही, कॉर्नरवरून मात्र होतो.

फाउलचा हिशेब पालकांच्या हमखास नजरेतून सुटतो. एका हाफमध्ये संघाचे थेट फ्री किकवाले पाच फाउल मोजले जातात. सहाव्या फाउलपासून समोरच्याला अशी फ्री किक मिळते की तिच्यापुढं खेळाडूंची भिंत उभी करता येत नाही, गोलपासून दहा मीटरवरून. चार-पाच फाउल झालेला संघ एकदम जपून खेळायला लागतो. अंग मागं घेतात, पाय घालायला कचरतात. बाहेरून ओरड होते, "अगं, भिडा की!" पण पोरी दमलेल्या नसतात, त्या हिशेबानं खेळत असतात. स्कोअरसोबत फाउल मोजा, मॅचचा रंग वेगळाच दिसेल.

बॉलही वेगळा. चार नंबरचा, चारशे ते चारशे चाळीस ग्रॅमचा. दोन मीटरवरून सोडला तर पहिली उसळी पासष्ट सेंटीमीटरच्या वर जात नाही. मुद्दामच कमी उसळणारा केलेला असतो. त्यामुळं इथं हवेतले उंच पास शोधू नका. बॉल जमिनीला धरूनच फिरणार.

बसायचं कुठं

गोलमागं बसू नका. जाळी ताणली जाते आणि जोरात आलेला बॉल जाळीसकट तोंडावर येतो. जाळीत बोटं अडकवून उभं राहायची सवय असेल तर मोडा, आणि लहान भावंडांना तर तिथून लांबच ठेवा. लांबीच्या बाजूला, मधल्या रेषेपासून थोडं आपल्या गोलकडं सरकून बसावं. सर आणि बदली खेळाडू ज्या बाजूला असतात त्याच्या समोरच्या बाजूला. वर गॅलरी असेल तर सरळ वर जा. वरून गोलकीपर सोडून चौघींची रचना स्पष्ट दिसते.

समोरच्या बाजूला का, तेही सांगतो. सरांच्या पाठीमागं आपण बसलो की पोरीला एकाच दिशेनं दोन आवाज येतात. स्टेडियमवर हजारो माणसांत आपली हाक विरून जाते. शेडखाली कुजबुजही आत पोचते. माझी मुलगी एकदा म्हणाली, "पप्पा, आत मला सगळं ऐकू येतंय. कोण काय बोललं ते पण कळतंय. मी त्यातनंच सरांचा आवाज शोधत असतो." ते ऐकल्यावर मला जी गोष्ट पटली ती पक्की आहे. मॅच चालू असताना सूचना फक्त सरांची. गोल झाला, गोलकीपरनं बॉल अडवला, मनापासून टाळ्या वाजवा, "नाद खुळा" म्हणा, दोन्ही संघांसाठी म्हणा. पण "पास दे", "मार", "पुढं जा" हे शब्द तोंडातून येऊ देऊ नका. चार सेकंदांच्या खेळात तुमचं वाक्य पुरं होईपर्यंत तो क्षण गेलेला असतो. आणि सरांनी नेमकं उलटं सांगितलेलं असलं तर पोरीनं कुणाचं ऐकायचं?

जोराचा पाऊस आला की पत्र्यावर असा आवाज होतो की शिट्टीही ऐकू येत नाही. अशा वेळी बघायला फार छान असतं. पोरी बोलायचं सोडून हातानं खुणा करायला लागतात. तळहात खाली म्हणजे थांब, बोट एका बाजूला म्हणजे तिकडं पळ. कुठल्या पोरीचं डोकं सतत वर असतं, ते अशा पावसात कळतं.

काय बघायचं

थोडा हिशेब मांडतो. फुटसालचं मैदान चाळीस बाय वीस मीटर धरलं तर आठशे चौरस मीटर झालं. खेळाडू दहा. माणशी ऐंशी. मोठं मैदान एकशे पाच बाय अडुसष्ट, खेळाडू बावीस, माणशी सव्वातीनशेच्या आसपास. म्हणजे आत पोरीला जागा चौपटीनं कमी. आपल्याकडचे टर्फ याहून लहान, तिथं आणखी कमी. बॉल पायात आला की समोरची अंगावर आलेलीच असते. म्हणून बॉल यायच्या आधी काय ठरवलं यावरच सगळं अवलंबून असतं.

हे बघायची सोपी रीत अशी: सलग दोन-तीन मिनिटं बॉलकडं बघूच नका. फक्त आपल्या पोरीचं डोकं बघा. बॉल दुसरीकडं असताना ती मान वळवून मागं बघते का? एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं? जी पोर बॉल मिळण्याआधी दोनदा मागं बघते, तिला बॉल मिळाल्यावर घाई होत नाही. त्यानंतर पाय बघा. पास दिल्यावर ती जागेवर उभी राहते की लगेच नव्या जागी जाते? फुटसालमध्ये पास देऊन उभं राहणं म्हणजे संघाला एक माणूस कमी करणं. आपल्या पोरीनं पास दिल्यावर पाच पावलं पळून जागा मोकळी केली आणि त्या जागेत दुसरीनं येऊन गोल मारला, तर त्या गोलात आपल्या पोरीचा वाटा मोठा आहे. तो कुठं लिहिला जात नाही, म्हणून तो तुम्ही बघायला हवा.

जागांची नावं पोर्तुगीज-स्पॅनिशमधून आलेली आहेत, पोरी ती सहज बोलतात. मागं राहून संघ सांभाळते ती फिक्सो. दोन्ही कडांना खेळतात त्या 'आला'. पुढं गोलकडं पाठ करून उभी राहते ती पिव्हट. माझी मुलगी फिक्सो आहे. फिक्सोच्या आई-वडिलांनी गोलची वाट बघत बसू नये, त्यांची मॅच दुसरीकडंच रंगते.

मागच्या पावसाळ्यातला एक प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. समोरची पिव्हट अंगापिंडानं थोराड, आमच्या गोलकडं पाठ करून उभी. तिच्या पायात बॉल आला. जाळीबाहेर सगळे ओरडले, "घे, घे!" माझी पोरगी गेली नाही. हातभर अंतर ठेवून, गुडघे वाकवून, थोडी तिरकी उभी राहिली. पिव्हटनं उजवीकडं अंग टाकलं, ही हलली नाही. डावीकडं टाकलं, ही अर्धं पाऊल सरकली आणि तिला कडेकडं ढकलत राहिली. गोल दिसेनासा झाल्यावर पिव्हटनं वैतागून बॉल मागं वळवला. त्या क्षणी हिनं नुसता पायाचा पंजा पुढं केला. बॉल पंजाखाली थांबला. तिनं लगेच तो मारला नाही. तळव्यानं मागं ओढला, मान वर केली, डावीकडची 'आला' तिरकी पळत सुटली तेव्हा तिच्या पुढ्यात सोडला. सगळं मिळून चार-पाच सेकंद. गोल झाला नाही, त्या 'आला'चा शॉट खांबाला लागला. पण तेवढ्यात तिनं जे धरून ठेवलं, वाट बघितली, आणि वेळेवर सोडलं, ते मी आयुष्यभर विसरणार नाही. अशा गोष्टी टिपायला शिका.

तळव्याखाली बॉल धरणं इथं रोजचं आहे. मोठ्या मैदानाची सवय असणाऱ्याला ते आळशीपणाचं वाटतं, तसं ते नाही. तसंच बुटाच्या टोकानं ढोसून मारलेला शॉट. मैदानावर त्यावर सर रागावतात. इथं पाय मागं न घेता मारता येतो, गोलकीपरला आधी समजत नाही, म्हणून तो कामाचा.

बाहेर काढलं म्हणून तोंड पाडू नका

फुटसालमध्ये बदल्यांना मोजमाप नसतं. खेळ न थांबवता एक बाहेर येते, दुसरी आत जाते, आणि बाहेर आलेली थोड्या वेळात पुन्हा जाते. धावपळ इतकी असते की काही मिनिटांच्या वर त्या जोरानं खेळणं जमत नाही. चांगले सर पोरींना दमायच्या आधी बाहेर घेतात. पालकांना मात्र वाटतं, हिला काढलं, काहीतरी चुकलं असणार. पोरगी बेंचकडं येताना पहिली नजर आपल्याकडं टाकते. तेव्हा आपला चेहरा पडलेला नसावा. फार काही करायचं नाही, मान हलवली तरी पुरे.

सर तिला कमीच खेळवतात असं खरंच वाटत असेल तर मॅचच्या दिवशी बोलू नका, तिच्यादेखत तर नकोच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सरांना फोन करून विचारा, "सर, तिनं कशावर मेहनत घ्यावी?" या प्रश्नाला सर मनापासून उत्तर देतात.

निघायच्या आधी पिशवी

शूज सगळ्यात आधी. मोठे स्टड असलेले मैदानी शूज टर्फवर नकोत. पाय अडकतो आणि गुडघा वळतो. टर्फला बारीक रबरी दाण्यांचा तळ, लाकडी किंवा सिमेंटच्या फरशीला सपाट तळ. नडगीवर बांधायचे शिन गार्ड विसरू नका. टर्फवर घसरलं की कातडी सोलते, म्हणून आम्ही चड्डीच्या आत गुडघ्यापर्यंतची टाइट घालायला लावतो. सोलवटलं तर आधी साबण-पाण्यानं नीट धुवायचं, कारण टर्फचे काळे रबराचे कण जखमेत राहतात. मग मलम.

मुलींच्या आई-वडिलांसाठी, आणि वडिलांनी हे आईवर ढकलू नये: पिशवीत एका कप्प्यात पॅड आणि एक जादा काळी चड्डी कायम ठेवा, तारखेचा विचार न करता. टर्फवर बहुतेक एकच बाथरूम असतं. कडी लागते का, पाणी आहे का, हे आपण आधी बघून यावं. पोरीला विचारायला लागू नये.

जेवण मॅचच्या दोन-तीन तास आधी. भात-आमटी, चपाती-भाजी, साधं. त्या दिवशी मिसळ, तांबडा-पांढरा आधी नको, नंतर भरपूर. निघताना केळं. पावसाळ्यात तहान लागत नाही, पण शेडखाली उकडतं आणि घाम वाळत नाही, त्यामुळं पाणी मागून मागून प्यायला लावा. मॅच संपल्यावर आमचा ठरलेला रस्ता गंगावेशीचा, कट्ट्यावरचं म्हशीचं ताजं दूध. दमलेल्या पोरीच्या पोटात काय जावं यावर मला तरी याहून चांगलं उत्तर सापडलेलं नाही.

आणि वेळेवर नाही, वेळेआधी पोचा. या वयात मुलींच्या गुडघ्याच्या लिगामेंटला मुलांपेक्षा जास्त धोका असतो. वळताना, उडी मारून उतरताना गुडघा आत झुकतो आणि जातो. नीट वॉर्म-अप केला तर हा धोका कमी होतो. फिफानं बसवलेला 'अकरा प्लस' नावाचा वॉर्म-अप आहे, पळणं, एका पायावर तोल, उड्या, असा साधारण वीस मिनिटांचा. तो करायला पोरीला वेळ मिळायला हवा, आणि तो वेळ आपल्या गाडीच्या किल्लीत असतो. शिरोली नाक्याला नाहीतर तावडे हॉटेलजवळ ट्रॅफिकमध्ये अडकून शिट्टीच्या वेळी पोचणं म्हणजे थंड अंगानं खेळणं.

लागलं तर

आत पळत जाऊ नका. रेफ्री बोलावतील. घोटा मुरगळला तर बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, पाय उंच, आणि त्या दिवशी पुन्हा खेळ नाही. पायावर भार देता येत नसेल तर एक्स-रे काढाच. डोकं खांबावर किंवा फरशीवर आपटलं असेल, ती गोंधळलेली वाटत असेल, मळमळत असेल, एकच गोष्ट दोनदा विचारत असेल, तर स्कोअर काहीही असो, फायनल असो, ती बाहेर. त्याच दिवशी डॉक्टर. "मी ठीक आहे" हे तिनं सांगितलं तरी. हा निर्णय पंधरा वर्षांच्या पोरीवर सोडायचा नसतो, आणि सरांनी घेतला नाही तर आपण घ्यायचा.

परतताना

गाडीवर मागं बसल्यावर लगेच मॅचची उजळणी सुरू करू नका. जिंकली असेल तर तिला आनंद पुरा घेऊ द्या, हरली असेल तर तिला सगळं माहीत असतं. ती बोलली की ऐका. आमच्याकडं बहुतेक वेळा ती जेवताना बोलायला लागते. आणि तेव्हा तुम्ही बॉलशिवायचं काहीतरी बघितलेलं असेल तर सांगायला तुमच्याकडं खरंखुरं काही असतं: "पहिल्या हाफमध्ये तू पास दिल्यावर डावीकडं पळालीस ना, त्यानं जागा झाली." असं नेमकं सांगितलं की तिचा चेहरा बघा. "छान खेळलीस" ऐकून ती नुसती मान हलवते. नेमकं सांगितलं की ती ताटावरनं उठून फरशीवर चमचे-वाट्या मांडते आणि कोण कुठं होतं ते दाखवायला लागते. आमचं जेवण मग तासभर चालतं.

रात्री शूज वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वाळत घाला, पावसाळ्यात नाहीतर दोन दिवस ओले राहतात. शूज चुलीजवळ किंवा हीटरसमोर ठेवू नका, तळ सुटतो. सकाळी जिना उतरताना तिच्याकडं एकदा बघा. उंची वाढायच्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेत दुखणं पुष्कळ पोरांना होतं, आणि खेळायला मिळणार नाही या भीतीनं ती लपवतात. एक पाय जपून टाकत असेल तर त्या आठवड्याचा सराव थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि सरांना तसं कळवा.